विमानामागची पांढरी रेघ: धूर, फवारणी की ढग?

गेल्या हिवाळ्यात शहापूरजवळच्या सापगावला मामाकडे गेलो होतो. संध्याकाळी भातसेच्या पुलावर मामाने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ: विमानं वरून औषध फवारतात, म्हणून पाऊस पळतो. नेमकी तेव्हाच वर एक पांढरी रेघ उमटत होती. "मग हे काय?" मामा म्हणाला.

मी फ्लाइटरडार२४ उघडलं. रेघेवालं विमान ३५ हजार फुटांवर होतं. मुंबईत उतरणारं दुसरं विमान कितीतरी खाली, आवाज स्पष्ट येत होता, पण त्याच्यामागे काहीच नाही! फवारायचंच असतं तर खालच्याने नसतं का फवारलं? शेतात पंप मारतानाही आपण वारा बघतो.

खरं कारण थंडी. एक किलो इंधन जळलं की साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते (वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं). बाहेर उणे ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमान असेल, तर ही वाफ काजळीच्या कणांवर गोठून बर्फाचे बारीक स्फटिक होतात. खालच्या विमानाभोवती एवढी थंडी नसते.

वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते. दमट असेल तर पसरत जाते, तासन् तास टिकते. दिवसा असा ढग थोडं ऊन परतवतो. रात्री मात्र जमिनीची उष्णता अडवणारी गोधडीच. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये या ढगांचा तापवणारा परिणाम विमानांच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त असू शकतो. आकड्यात अनिश्चितता बरीच आहे, आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, हेही विसरू नका.

म्हणजे व्हिडिओ खोटा, पण रेघ अगदी निरुपद्रवी नाही.

गंमत म्हणजे दोष सगळ्या विमानांचा नाही. जपानच्या हवाई हद्दीवरच्या २०२० च्या अभ्यासात जेमतेम २.२ टक्के उड्डाणं ८० टक्के परिणामाला जबाबदार निघाली. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० उड्डाणांत अंदाज बघून उंची बदलली. रेघा ५४ टक्के घटल्या. त्या उड्डाणांना इंधन २ टक्के जास्त लागलं. मला हा सौदा पटतो, पण ते इंधन कंपन्या आपल्या खिशातून भरतील का? युरोपात २०२५ पासून विमान कंपन्यांना अशा परिणामांची नोंद ठेवावी लागते. नवी मुंबई विमानतळामुळे आपल्याकडची उड्डाणं वाढणार, तेव्हा इथेही हे विचारायला हवं.

मामाने व्हिडिओ डिलीट केला नाही. पण त्याच ग्रुपवर त्याने दोन्ही विमानांचे फोटो टाकले, खाली उंची लिहून.