दंतवैद्यक शिक्षणाचा बाजार आणि विद्यार्थ्यांचे खचणारे मन

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर देशव्यापी मार्गदर्शक सूचना दिल्या. ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत तेथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमला पाहिजे, ही त्यांतील एक. न्यायालयासमोर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे होते. 2022 या एका वर्षात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्या वर्षी परीक्षेतील अपयश हे 2,248 मृत्यूंचे कारण म्हणून नोंदले गेले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला या प्रश्नात हात घालावा लागतो, यातच राज्यकर्त्यांच्या शिक्षणधोरणाचा निकाल लागलेला आहे.

या निकालानंतर भिंतीवर समुपदेशन कक्षाची पाटी लावावी, वर्षातून एकदा ध्यानधारणेचे शिबिर घ्यावे, मनःस्वास्थ्यावर एखाद्या पाहुण्याचे व्याख्यान ठेवावे आणि आपले कर्तव्य संपले असे मानावे, ही वृत्ती संस्थाचालकांत बळावत आहे. तिच्यामागे एक सिद्धांतही उभा केला जातो. आजची मुले नाजूक आहेत, त्यांना अपयश पचत नाही, म्हणून त्यांची मने कणखर करा, असे हा सिद्धांत सांगतो. त्याने दोष व्यवस्थेवरून उचलून अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या माथी मारला जातो. हा सिद्धांत किती खोटा आहे हे पाहावयाचे असेल, तर दंत महाविद्यालयाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

खुर्चीभोवतीची वेठ

दंतवैद्यकाची पदवी म्हणजे चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता. पहिल्या दोन वर्षांत शरीररचनाशास्त्रापासून औषधशास्त्रापर्यंतचे विषय वाचावयाचे आणि त्याच वेळी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावयाचे, प्लास्टरचे साचे ओतावयाचे, कवळीचे दात बसवावयाचे. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली की काम मोडून पुन्हा करावे लागते. तिसऱ्या वर्षापासून जिवंत माणसाच्या तोंडात हात घालण्याची जबाबदारी येते. वैद्यकीय पदवीचा विद्यार्थी बराच काळ रुग्णाजवळ उभा राहून शिकतो. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला मात्र पदवी मिळण्यापूर्वीच स्वतःच्या हाताने दात काढावे लागतात, पोकळी कोरून भरावी लागते, कवळी तयार करून द्यावी लागते.

या कामाला कोटा असतो. अमुक इतके दात काढलेले, अमुक इतके भरलेले, अमुक इतक्या कवळ्या पुऱ्या झालेल्या असल्याशिवाय नोंदवहीवर सही होत नाही आणि सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. पण कोट्यासाठी रुग्ण कोठून आणावयाचा? गावापासून दूर, महामार्गाच्या कडेला उभ्या केलेल्या अनेक खाजगी महाविद्यालयांत खुर्च्यांच्या रांगा असतात आणि रुग्ण नसतात. मग विद्यार्थ्याने वस्तीवस्तीतून रुग्ण शोधावा, त्याचे गाडीभाडे आपल्या खिशातून द्यावे, केसपेपरचे पैसे भरावे, त्याच्या बुडालेल्या रोजाची भरपाई करावी. इतके करूनही तिसऱ्या भेटीला रुग्ण आला नाही, तर अर्धवट राहिलेली कवळी विद्यार्थ्याच्या नावावर अपुरी म्हणून लागते. वर त्याच रुग्णासमोर वरिष्ठांनी पाणउतारा केला, तर तोही मुकाट्याने सोसावयाचा. कारण सही त्यांच्याच हातात असते.

अमेरिकेत 1980 साली गार्बी, झुकर आणि सेल्बी या संशोधकांनी दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या ताणाची कारणे शोधण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. पुढे ती अनेक देशांत वापरली गेली, भारतातही वापरली गेली. तिच्यातील प्रश्नांवर नजर टाकली तरी पुष्कळ उलगडा होतो. परीक्षा आणि गुण, पदवीसाठी पुरे करावयाचे काम, वेळेवर न येणारे रुग्ण, शिक्षकांची टीका, मागे पडल्यास पुन्हा गाठता न येण्याची भीती, पैशाची जबाबदारी. यांतील बहुतेक गोष्टी मनाच्या जडणघडणीच्या नसून कामाच्या परिस्थितीच्या आहेत. गिरणीतील कामगाराला मागावर जे सोसावे लागे, त्याचीच ही यादी आहे. फरक इतकाच की कामगाराला त्याचे वेतन मिळे आणि येथे विद्यार्थीच पैसे मोजतो.

शुल्काचा फास

पैसे किती मोजतो? खाजगी महाविद्यालयात वर्षाला काही लाख रुपये शुल्क, त्यावर वसतिगृह, त्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः विकत घ्यावयाची उपकरणे आणि साहित्य. शेत गहाण टाकून किंवा बँकेचे कर्ज काढून आलेल्या मुलामुलींसाठी नापास होणे ही केवळ शैक्षणिक घटना राहत नाही. एक वर्ष वाया जाणे म्हणजे आणखी एका वर्षाचे शुल्क आणि आणखी एका वर्षाचे व्याज. रात्री तीन वाजता वसतिगृहात जागा असलेला विद्यार्थी पुस्तकाबरोबर हा हिशेबही वाचत असतो.

दंतवैद्यक शिक्षणाचा आरंभ असा नव्हता. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले, स्वतःच्या मिळकतीतून चालविले आणि 1949 साली ते शासनाच्या हवाली केले. मुंबईत 1933 साली नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय उभे राहिले, तेही सार्वजनिक रुग्णालयाच्या आधाराने. पुढे कर्नाटकात देणगीची महाविद्यालये फोफावली. 1983 साली महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडून दिले आणि साखर कारखान्यांच्या पुढाऱ्यांतून शिक्षणसम्राटांचा नवा वर्ग जन्माला आला. देणगीवर बंदी घालणारा कायदा त्याच राज्याने 1987 साली केला. पण पाणी तोवर डोक्यावरून गेले होते.

न्यायालयांचा प्रवासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 1992 साली मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकातील वैद्यकीय शुल्काचे कोष्टक पुढे आले. सरकारी जागेला वर्षाला 2,000 रुपये, खाजगी महाविद्यालयात राज्यातील विद्यार्थ्याला 25,000 आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला 60,000. न्यायालयाने देणगी बेकायदा ठरविली. 1993 साली उन्नीकृष्णन खटल्यात मोफत आणि सशुल्क जागांची योजना घालून दिली. 2002 साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने तीच योजना मोडीत काढली. नफेखोरी नको, पण वाजवी शिल्लक चालेल, असा दंडक झाला. उदारीकरणाच्या दशकात राज्यसंस्थेची तिन्ही अंगे एकाच दिशेला वळली, ती अशी.

आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. या बाजाराची दिवाळखोरी 2021 साली सर्वोच्च न्यायालयातच उघडी पडली. 2020-21 च्या प्रवेशांत पहिल्या वर्षाच्या सुमारे 7,000 जागा रिकाम्या होत्या आणि त्यांत शासकीय महाविद्यालयांच्या जागा होत्या केवळ 265. न्यायालयाने प्रवेशाची गुणमर्यादा खाली आणली. पण खाजगी महाविद्यालयांचे शुल्क हेही जागा न भरण्याचे कारण आहे हे नमूद करून चालकांना ते कमी करण्याचा विचार करण्यास सांगितले. गुणमर्यादा आदेशाने उतरली. शुल्क मात्र चालकांच्या मर्जीवर सोडण्यात आले. विद्यार्थी हवे होते ते रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी.

पदवीनंतरची पोकळी

इतके सोसून हाती काय येते? आंतरवासितेच्या वर्षात अनेक खाजगी महाविद्यालये विद्यावेतन देत नाहीत किंवा नावापुरते देतात. पुढे शासकीय भरती तुरळक. स्वतःचा दवाखाना थाटावयाचा तर खुर्ची, क्ष-किरण यंत्र, जागेचे पागडी-भाडे यांसाठी पुन्हा कर्ज. उरतो तो मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबणे. दंतवैद्यक सोडून कार्यालयीन नोकऱ्या पत्करणारे पदवीधर प्रत्येक शहरात भेटतात. बेकारांची राखीव फौज भांडवलशाहीला केवळ कारखान्याच्या दारातच लागते असे नाही; पांढरा कोट घातलेली फौजही तिला तितकीच उपयोगी पडते.

आणि हे कोणत्या देशात घडते? जेथे दरवर्षी तोंडाच्या कर्करोगाचे लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात, जेथे विडी कामगाराच्या आणि शेतमजुराच्या तोंडातील पांढरा चट्टा वेळेवर कोणी पाहत नाही, जेथे खेड्यातील माणसाला दाताच्या दुखण्यावर दात उपटणे हाच उपचार ठाऊक असतो. दंतवैद्य शहरात एकमेकांशी स्पर्धा करीत बसलेले आणि ग्रामीण आरोग्य केंद्रात खुर्ची नाही, असली तर तिच्यामागे डॉक्टर नाही. गरज अफाट आणि गरज भागविणारे हात बेकार, ही विसंगती कोणत्याही समुपदेशकाच्या खोलीत सुटणारी नाही.

एका चुकीच्या आक्षेपाविषयी

चळवळीतील काही कार्यकर्तेही या प्रश्नाकडे पाठ फिरवितात. लाखांचे शुल्क भरणाऱ्यांचे दुःख हे मध्यमवर्गीय दुःख आहे, कामगार-शेतकऱ्यांच्या पक्षाने त्यात वेळ का दवडावा, असे ते विचारतात. हा आक्षेप वरकरणी जहाल असला तरी आतून पोकळ आहे.

या विद्यार्थ्यांत कर्जबाजारी शेतकऱ्याची मुले आहेत, शिक्षकाची आणि बस-वाहकाची मुले आहेत, शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर न आल्याने परीक्षेच्या अर्जासाठी उसनवार करणारी दलित-आदिवासी मुले आहेत. घरातील पहिल्या पदवीधराला नोंदवहीवरच्या सहीबरोबर जातीचे टोमणेही झेलावे लागतात. 2019 साली मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरच्या मृत्यूने वैद्यकीय शिक्षणातील हे वास्तव साऱ्या देशापुढे आणले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दंत महाविद्यालयाच्या खुर्चीवर जो रुग्ण बसतो तो श्रीमंत नसतो. तो बांधकाम मजूर असतो, घरकाम करणारी बाई असते. थकलेला, अपमानित, चौथी रात्र जागलेला विद्यार्थी कोट्याच्या भीतीने तिच्या तोंडात यंत्र चालवितो, तेव्हा वाचविता येणारा दात काढला जाण्याचा धोका तिच्याच वाट्याला येतो. त्या खुर्चीपाशी दोघांचे हितसंबंध एक होतात. हे न ओळखणारा जहालपणा पक्षाच्या काय कामाचा?

याचा अर्थ मानसोपचार निरुपयोगी आहे असा कोणी काढू नये. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. ज्याचे मन आज खचले आहे त्याने क्रांतीची वाट पाहत बसावे असे सांगणे हे क्रौर्य होय. त्याला आजच सोबती हवा, आजच डॉक्टर हवा. 14416 या क्रमांकावरील टेली-मानस ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि प्रत्येक वसतिगृहात तो क्रमांक पोचला पाहिजे. परंतु चालकांच्या पगारावरचा, चालकांनाच अहवाल देणारा समुपदेशक विद्यार्थ्याचा विश्वास कसा मिळविणार?

लढ्याच्या मागण्या

2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. नोंदणीकृत दंतवैद्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींना जुन्या परिषदेत जे स्थान होते, ते या कायद्याने नेमणुकीच्या सदस्यांना दिले. खाजगी महाविद्यालयांच्या निम्म्याच जागांच्या शुल्काबाबत मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचा अधिकार आयोगाला आहे. उरलेल्या निम्म्यांचे काय, याविषयी कायदा मौन बाळगतो. बाहेर पडताना आणखी एक राष्ट्रीय परीक्षा मात्र त्याने योजून ठेवली आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय कृतिगटाने 2024 साली निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त 74 तासांची मर्यादा आणि एक साप्ताहिक सुटी सुचविली. तेवढी सूचनाही दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेली नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सर्व जागांच्या शुल्कावर नियंत्रण. रुग्ण पुरविण्याची जबाबदारी महाविद्यालयाची. रुग्ण नसल्यास विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखण्यास बंदी आणि रुग्णाच्या प्रवासाचा खर्च संस्थेकडे. आंतरवासी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शासकीय दराने विद्यावेतन आणि कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा. चालकांपासून स्वतंत्र असलेला समुपदेशक आणि विद्यार्थी-प्रतिनिधी असलेली तक्रार समिती. प्रत्येक ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रात कायम दंतवैद्य. आणि या सर्वांच्या मुळाशी, निवडून आलेल्या विद्यार्थी संघटनेचा हक्क. अनेक खाजगी महाविद्यालयांत संघटना करणे हाच गुन्हा मानला जातो, आणि एकटा पडलेला विद्यार्थीच प्रथम खचतो.

शेवटच्या मागणीपासूनच पक्षसभासदांचे काम सुरू होते. ज्या गावाजवळ दंत महाविद्यालय आहे तेथील शाखेने त्या वसतिगृहाची पायरी चढली पाहिजे. खुर्चीवर बसणारा मजूर आणि खुर्चीमागे उभा राहणारा विद्यार्थी यांना एकाच सभेत आणणे अशक्य नाही. दोघांचीही लूट एकाच तिजोरीत जमा होते, हे त्यांना एकमेकांच्या तोंडून ऐकू येईल, त्या दिवशी नाजूक मनाच्या सिद्धांताला उत्तर देण्याची गरज उरणार नाही.