शेठजींच्या तसबिरीखाली

शेठजींचे तैलचित्र भिंतीवरून उतरवा, असे माझे म्हणणे नाही. कोल्हापूर हे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचे गाव. हे कसब आपल्या शेजारीच नांदले. फेट्याची चुणी, घड्याळाची साखळी, खुर्चीवर विसावलेला हात, सारे कसे जिवंत! पण वाचकहो, त्या हाताला तंबाखूचा डाग कसा नाही?

आमच्या कोगनोळी-निपाणी भागातली श्रीमंती तंबाखूची. तो शेतकऱ्याने पिकवला, वखारीत बायांनी चाळला, विड्याही त्यांनीच वळल्या. 1981 साली भावासाठी शेतकऱ्यांनी याच पुणे-बंगळूर रस्त्यावर निपाणीजवळ ठाण मांडले. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. त्यांची तसबीर कुठल्या दिवाणखान्यात आहे?

‘पैसे मोजणाऱ्याचेच चित्र निघणार,’ असे कुणी म्हणेल. कबूल! मग त्याला गावाचा इतिहास तरी म्हणू नका.

पाटी मराठी की कानडी, यावर आपण जन्मभर भांडलो. या तसबिरीखाली मात्र कष्टकऱ्याचे नाव कोणत्याच भाषेत नाही. या दिवाळीत तसबिरीची धूळ जरूर पुसा. आणि गल्लीतल्या विडी वळणाऱ्या आजीचे नाव, ती आहे तोवर, तिच्याच तोंडून लिहून घ्या.