त्या ट्रकमधली बाई कोण होती?

आमच्या मिरजेच्या घरात केबल आली तेव्हा मी सहावीत होतो. साल 2000-01. अब्बा इशाच्या नमाजला गेले की रिमोट माझ्या हातात यायचा आणि ते परत येईपर्यंत एमटीव्ही किंवा चॅनेल व्हीवर जे लागलं असेल ते मी बघायचो. अम्मी शेजारी शिलाई मशीनवर बसलेली असायची. नको ते गाणं लागलं की मान वर न करताच तिचा हुकूम यायचा, ‘बदल उसको.’

एका गाण्याला मात्र तो हुकूम कधीच आला नाही. शुभा मुद्गल यांचं ‘मन के मंजीरे’. मीता वशिष्ठ ट्रक चालवतेय. नवऱ्याचा छळ मागे टाकून निघालेली बाई, समोर लांबच लांब रस्ता आणि सोबत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका. अम्मी मशीनचं चाक हातानं थांबवून ते शेवटपर्यंत बघायची. गाणं संपलं की काही न बोलता परत पायडल सुरू.

ते गाणं कुठल्या सिनेमाचं नव्हतं. स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनं तो अल्बम काढला होता. शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं. हे सगळं मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर कळलं. त्याहून उशिरा कळलं ते हे, की ती गोष्ट खरी होती. अहमदाबादच्या एका बाईनं छळ होणारं लग्न सोडलं, गाडी चालवायला शिकली आणि त्यावर पोट भरलं. व्हिडिओ तिच्यावर बेतला होता. आणि ती बाई मुस्लीम होती.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसमध्ये होतो. तिथल्या तिथे हेडफोन लावून तो व्हिडिओ परत बघितला. गाण्यात तिचं नाव येत नाही, धर्म येत नाही. लहानपणी मी तो इतक्या वेळा बघितला, पण ती आपल्यातली असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. कदाचित अम्मीला वाटलं असेल. मला विचारायचं सुचलं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. तिचं नाव सांगितलं नाही हे बरं झालं की वाईट?

बरं झालं असं म्हणायला कारण आहे. आपल्या हिंदी सिनेमात मुसलमान आला की त्याच्यासोबत सगळं सामान येतं. हिरवी चादर, सुरमा, कव्वाली, ‘जनाब’ आणि ‘आदाब’. बाई असेल तर ती बुरख्यात असते आणि तिला कुणीतरी वाचवायचं असतं. त्या व्हिडिओतल्या बाईला कुणी वाचवत नाही. स्टेअरिंग तिच्याच हातात आहे. तिला नाव दिलं असतं तर कितीतरी घरांत ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून विषय संपला असता. नाव नव्हतं म्हणून प्रत्येक घरातली बाई त्या ट्रकमध्ये बसली.

वाईट झालं असं म्हणायलाही कारण आहे. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत आणि 2002 मध्ये त्याच टीव्हीवर अहमदाबाद दिसायला लागलं. जळती दुकानं, छावण्या, रडणाऱ्या बायका. मुस्लीम बाई म्हणून देशानं जे चेहरे बघितले ते हे. त्याच शहरातली, स्वतःच्या हिमतीवर गाडी चालवणारी एक बाई देशानं आधीच बघितलेली होती, आवडीनं बघितलेली होती. फक्त ती कोण हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

त्या काळातल्या इंडीपॉपची हीच गंमत होती. तिथं नावागावाची फारशी चौकशी नव्हती. ‘ओ सनम’ घ्या. 1996 च्या ‘सुनो’ या अल्बममधलं लकी अलीचं गाणं, इजिप्तमध्ये चित्रित केलेलं. लकी अली म्हणजे विनोदी नट मेहमूद यांचा मुलगा, मूळ नाव मकसूद. वाळवंट, पिरॅमिड आणि घोगऱ्या आवाजात गाणारा, स्वतःतच हरवलेला एक माणूस. त्याला कुणी टोपी घालायला लावली नाही की दर्ग्यासमोर उभं केलं नाही. तो आमच्यातला आहे हे आम्हाला ठाऊक होतं, बाकीच्यांना ठाऊक असून फरक पडत नव्हता. एका मुस्लीम पोरासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे मला आता कळतं.

आज इंडी संगीताला पुन्हा बरे दिवस आलेत. मी ते ऐकतो, कोड लिहिताना तर दिवसभर ऐकतो. पण व्हिडिओ बघायला लागलो की अडखळतो. पिवळ्या बल्बच्या माळा, बाल्कनीतली झाडं, डोंगरातलं होमस्टे आणि खिडकीशी बसलेलं दुःख. यातही चांगलं काम आहेच. प्रतीक कुहाडच्या ‘कोल्ड/मेस’चा दार गाईनं केलेला व्हिडिओ मला मनापासून आवडतो, जिम सर्भ आणि झोया हुसैन यांनी तुटत जाणारं नातं फार खरं उभं केलंय. पण त्याची नक्कल करणारे शेकडो व्हिडिओ बघितले की लक्षात येतं, या जगात कुणालाच आडनाव नाही. कुणी घर शोधत नाही, भाडं भरत नाही, कुणाच्या आईला शेजारीण काही विचारत नाही.

मी मात्र घर शोधलंय. पुण्यात, चांगला पगार असताना. फ्लॅट पसंत पडला, पैसे ठरले, मग कागदपत्रांसाठी पूर्ण नाव सांगितलं. संध्याकाळी एजंटचा फोन, ‘मालकांच्या नातेवाइकांनाच द्यायचं ठरलंय.’ असं तीनदा झालं. माळा लावलेल्या त्या सुंदर खोल्या बघताना मला पहिल्यांदा हेच आठवतं. ट्रकमधल्या बाईचं नाव नव्हतं, पण तिच्या आयुष्यात मार होता, पोटाची चिंता होती, रस्ता होता. नाव काढलं तरी माणूस शिल्लक होता. आताच्या बऱ्याच व्हिडिओंत नावासोबत माणूसही काढून टाकलाय.

मग आडनाव असलेले व्हिडिओ कुठे आहेत? आहेत. कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, 2014 मध्ये ‘आफत’चा व्हिडिओ आपल्याच वस्तीत आयपॅडवर शूट केला. ते पॉप नाही, रॅप आहे, पण स्वतःच्या जिवावर केलेलं संगीत म्हणून मी ते इथेच धरतो. त्यातली गल्ली कुठल्या कला-दिग्दर्शकानं रंगवलेली नाही. पुढे त्याच्या आणि डिव्हाइनच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ 2019 मध्ये आला आणि त्यातला मुराद हा मुस्लीम पोरगा सगळ्या देशाचा हिरो झाला. गोवंडीची सानिया मिस्त्री हिजाब घालून रॅप करते आणि वस्तीतल्या पोरींबद्दल बोलते. तिला बघताना कीव येत नाही, ऐकावंसं वाटतं.

पण इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. केबलच्या काळात एक गाणं लागलं की ते आमच्या मोहल्ल्यातही लागायचं आणि ब्राह्मणपुरीतही. दोन्हीकडच्या आया तो ट्रक एकाच वेळी बघत होत्या. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळी यादी असते. तुम्ही आधी काय बघितलं, किती सेकंद थांबलात, कुठे पुढे सरकलात यावरून ती बनते. यात कुणाचा कट नसतो, हिशेब असतो. पण त्या हिशेबाचा परिणाम असा, की गोवंडीचं गाणं कोथरूडच्या मोबाइलवर सहसा आपणहून पोहोचत नाही. आपण आपल्यालाच बघत राहतो आणि ते त्यांना.

इथपर्यंत दोष बाहेरच्यांचा सांगितला. आता घरातला.

माझी भाची सतरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिनं मैत्रिणीसोबत गच्चीवर एक गाणं शूट केलं. गाणं कुठलं, तर आमच्याकडे हळदीला बायका ढोलकीवर म्हणतात त्यातलं, दखनीतलं, तिच्या नानीकडून ऐकलेलं. मैत्रिणीनं युकुलेलीवर साथ केली. मला पाठवून विचारलं, ‘मामू, देख के बोलो ना, अच्छा है क्या नै?’ चांगलं होतं. आवाज जरा वाऱ्यात गेला होता, तेवढं मी साफ करून दिलं. तिनं ते इन्स्टाग्रामवर टाकलं. दुसऱ्या दिवशी खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू झालं. संगीत हराम आहे. पोरीचा चेहरा कशाला दाखवायचा? उद्या स्थळं कशी येणार? संध्याकाळपर्यंत तिनं व्हिडिओ काढून टाकला.

संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. ज्याला दीनच्या समजुतीनं संगीत नको वाटतं, त्यानं ऐकू नये. त्याच्या श्रद्धेचा मी आदर करतो. पण त्या ग्रुपवर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मोबाइलची रिंगटोन सिनेमाचं गाणं आहे. त्यांच्या पोरांच्या वरातीत डीजे वाजलेत. म्हणजे अडचण संगीताची नव्हती, पोरीची होती.

आणि हे कुठे बोललं जात होतं? मिरजेत. जिथं मुसलमान कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तानपुरे बनवतात, ज्या वाद्यांना 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. जिथं ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ चिरनिद्रा घेताहेत आणि दरवर्षी उरुसात मोठमोठे गवई हजेरी लावायला येतात. आणि महाराष्ट्राचं म्हणाल, तर संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारून सभा पेटवणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. सूर आपल्या घरात बाहेरून आलेला नाही. तो काढून टाकायचा प्रयत्न मात्र अलीकडचा आहे.

आपण तक्रार करतो की पडद्यावर आपण नीट दिसत नाही. तक्रार खरी आहे. पण दिसायला निघालेल्या आपल्याच पोरीला आपण एका दिवसात पुसून टाकलं. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे, चॅनेलवाल्याची परवानगी लागत नाही. तरीही ट्रकमधली बाई बिननावाचीच राहिली, तर त्याचं खापर दर वेळी बाहेरच्यांवर फोडता येणार नाही.

त्या दिवशी ग्रुपवर मी एक शब्द लिहिला नाही. मोठ्यांशी वाद नको, अम्मीला त्रास नको, अशी कारणं स्वतःला दिली. रात्री अम्मीचाच फोन आला. म्हणाली, ‘वो मेरी हल्दी का गाना था. अच्छा गायी थी छोकरी.’ ती ग्रुपवर नाही, तिला लिहिता येत नाही. मला येतं.

म्हणून तेव्हा जे लिहायला हवं होतं ते आता लिहितो. गाणं चांगलं होतं. त्यात काही वाईट नव्हतं. व्हिडिओ परत टाकायचा की नाही हे तिनं ठरवायचं, तिच्या मामूनं नाही आणि खानदानानं तर नाहीच. आणि तुमच्याही घरात अशी एखादी पोरगी असेल, तर आधी तिचं गाणं पूर्ण ऐका. तिनं टाकलं, तर शेअर करा, नुसतं आपल्या मोहल्ल्यात नको, शाळेतल्या आणि ऑफिसातल्या मित्रांनाही पाठवा. हिशेब तेवढ्यानंच हलतो. आणि खाली नाव पूर्ण असू द्या, आडनावासकट.