गाळलेला क्रमांक म्हणजे पुसलेली नोंद नव्हे

संपादक महोदय,

आयडी १०४१ नंतर थेट १०४३ दिसला, म्हणजे मधली नोंद कुणीतरी पुसली, हा आपल्या लेखकाचा निष्कर्ष चुकीचा आहे. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये व्यवहार रोलबॅक झाला तरी सिक्वेन्सने दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही. घेतला असता, तर प्रत्येक नवी नोंद आधीचा व्यवहार संपेपर्यंत ताटकळली असती. एसक्यूएल सर्व्हर २०१२ अचानक बंद पडला, तर इंट प्रकारच्या आयडेंटिटी स्तंभातला क्रमांक हजाराने पुढे सरकू शकतो.

क्रमांकांतल्या फटी बुजवण्यासाठी आयडी नव्याने लावण्याचा त्यांचा सल्ला तर घातकच. इतर टेबलांतले, छापील पावत्यांवरचे जुने आयडी भलत्याच ग्राहकाकडे बोट दाखवतील!

बिलांना सलग क्रमांक हवेत, एवढे मान्य. जीएसटीचा नियम ४६ तेच सांगतो. त्यासाठी वेगळा बिल क्रमांक ठेवावा. नोंद पुसल्याचा आरोप करण्याआधी ऑडिट लॉग तपासावा.

— एक डेटाबेस व्यवस्थापक, पुणे