टर्कीला घड्याळ कळत नाही

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेतल्या लाखो घरांत सकाळी एकच गुणाकार होतो: टर्कीचं वजन गुणिले मिनिटं. कुणी म्हणतं पाउंडाला वीस मिनिटं, कुणी पंधरा, कुणी तेरा. उत्तर येतं, ओव्हनचा टायमर लागतो आणि माणसं निर्धास्त होतात. माझं म्हणणं असं की हा गुणाकार चुकीचा आहे, पक्षी जितका मोठा तितका जास्त चुकीचा आहे, आणि टर्की भाजणाऱ्यांनी तो आता सोडून द्यावा.

हे शहाणपण मला दोनदा तोंडावर आपटल्यावर आलंय. न्यू जर्सीत आमची चार मराठी घरं थँक्सगिव्हिंगला एकत्र जमतात. वरणभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड हे सगळं असतंच, पण सण इथला म्हणून टर्कीही असते. पहिल्या वर्षी ती माझ्या गळ्यात पडली, कारण 'तू इंजिनिअर आहेस, हिशोब तू कर'. पक्षी बावीस पाउंडांचा, म्हणजे जवळपास दहा किलोंचा. मी हिशोब केला: बावीस गुणिले वीस, चारशे चाळीस मिनिटं, सात तास वीस मिनिटं. दुपारी दोनला बाहेर काढला तेव्हा वरून फोटोसारखा सोनेरी होता. छातीचं मांस मात्र दूध काढून घेतलेल्या खोबऱ्याच्या चोथ्यासारखं. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी वरणभात दोनदा घेतला.

चूक कुठे झाली ते कळायला बारावीचं गणित पुरतं. ओव्हनमधली उष्णता मांसात बाहेरून आत झिरपत जाते. तिला किती वेळ लागेल हे वजनावर नाही, जाडीवर ठरतं, आणि तेही जाडीच्या वर्गावर. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. पण जाडी दुप्पट झाली की वजन आठपट होतं. म्हणजे वजन आठपट वाढलं तरी वेळ फक्त चौपट वाढतो. वजनाच्या सरळ पटीत वेळ वाढवत नेलात, तर मोठा पक्षी तुम्ही हमखास वाळवणार.

हा नियम खटकणारा मी काही पहिला नाही. स्टॅनफर्डच्या स्लॅक या कणत्वरक प्रयोगशाळेचे पहिले संचालक, भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पॅनोफ्स्की यांनी टर्कीसाठी स्वतःचं सूत्र मांडलं होतं. पाउंडातल्या वजनाचं घनमूळ काढा, त्याचा वर्ग करा, दीडनं भागा, उत्तर तासांत. आठ पाउंडांच्या टर्कीला येतात दोन तास चाळीस मिनिटं. पाउंडाला वीस मिनिटं धरली तरी उत्तर नेमकं तेच. आता सत्तावीस पाउंडांची घ्या. सूत्र म्हणतं सहा तास. वीस मिनिटांचा नियम म्हणतो नऊ तास. छोट्या पक्ष्यावर दोघांचं एकमत आणि मोठ्यावर तीन तासांचा फरक!

अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ताही गुपचूप हेच सांगतो. ३२५ अंश फॅरनहाइटला, पोटात सारण न भरलेल्या ८ ते १२ पाउंडांच्या टर्कीला पावणेतीन ते तीन तास. २० ते २४ पाउंडांच्या टर्कीला साडेचार ते पाच तास. भागाकार करून बघा. आठ पाउंडांना पाउंडामागे वीस मिनिटं पडतात, चोवीस पाउंडांना साडेबारा. 'पाउंडाला अमुक मिनिटं' असा एकच आकडा मुळात अस्तित्वातच नाही. मोठ्या पक्ष्याचा आकडा छोट्याला लावलात तर तो कच्चा राहील, छोट्याचा मोठ्याला लावलात तर चोथा होईल.

इथवर आलेला कुणीही इंजिनिअर म्हणेल, मग सूत्र बदलू, प्रश्न संपला. मीही तेच म्हणालो. दुसऱ्या वर्षी पुन्हा बावीस पाउंड, या वेळी पाउंडाला तेरा मिनिटं. पावणेपाच तास. सरकारी तक्त्यात अगदी बसणारं उत्तर. छातीत खोचलेलं प्लास्टिकचं बटण टुपकन वर आलं, टाळ्या पडल्या. मांडीच्या सांध्यापाशी सुरी घातली तर आत मऊ, ओलं, थंडसर. शेजाऱ्यांकडून थर्मामीटर आणला. तिथलं तापमान १३८ होतं. सुरक्षित तापमान १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७४ सेल्सिअस. टेबलावर सात महिन्यांची गरोदर मैत्रीण बसली होती आणि तिच्या ताटात छातीचे दोन तुकडे वाढून झाले होते. ती ताटं आम्ही परत कशी घेतली ते मला आठवायला आवडत नाही.

आकडा बरोबर होता. पक्षी त्या आकड्यातला नव्हता. गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला दर चार-पाच पाउंडांना एक दिवस धरावा लागतो. बावीस पाउंडांना पाचेक दिवस. मी दिले तीन. पोटात बर्फ शिल्लक होता. आणि बर्फ वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. कुठल्या सूत्राला माझ्या टर्कीच्या पोटातला बर्फ ठाऊक असणार? बटण छातीत होतं, त्याला छातीपुरतंच कळत होतं.

सॉफ्टवेअरमध्ये या चुकीला आम्ही हसतो. समोरच्या सर्व्हरला उत्तर द्यायला साधारण पाच सेकंद लागतात, म्हणून कोडमध्ये 'पाच सेकंद थांब' लिहून मोकळं व्हायचं. एखाद्या दिवशी सहा सेकंद लागतात आणि सगळं कोसळतं. नवख्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, वेळ मोजू नकोस, उत्तर आलं का ते विचार. तोच मी स्वयंपाकघरात 'पावणेपाच तास थांब' लिहून बसलो होतो.

आणि हे शिकायला सर्व्हरही नको होते. आईच्या स्वयंपाकात मिनिटं कधी होती? मोहरी तडतडली की हिंग. कडेनं तेल सुटलं की मसाला झाला. पाक एकतारी झाला की गॅस बंद. कुकरची शिट्टीसुद्धा घड्याळाची नसते, आतल्या वाफेची खबर असते. आपण याला 'अंदाज' म्हणून हिणवतो. पण अंदाज तर पाउंड गुणिले मिनिटं हा आहे. आई पदार्थालाच विचारत होती, झालास का?

यावर ठरलेला आक्षेप येतो: आमच्याकडे वर्षानुवर्षं मिनिटांवरच भाजतात, कुणाला काही झालं नाही. झालं नाही, कारण बहुतेक जण भीतीपोटी दोन तास जास्त भाजतात आणि कोरड्या मांसावर ग्रेव्ही ओततात. टर्की मुळातच कोरडी असते हा समज याच गुणाकाराचं अपत्य आहे. दुसरा आक्षेप, पाहुण्यांना जेवायची वेळ काय सांगायची? त्यासाठी तक्ता जरूर वापरा. ओव्हन कधी लावायचा हे तक्ता सांगेल, बंद कधी करायचा हे नाही. पंधरा-वीस डॉलरचा थर्मामीटर घ्या, मांडीचा आतला भाग, पंखाचा सांधा आणि छातीची सर्वांत जाड जागा तपासा. सारण भरलं असेल तर तेही. सगळीकडे १६५ दिसलं की बाहेर काढा आणि कापण्याआधी वीस मिनिटं तशीच ठेवा.

खरं तर एवढा मोठा पक्षी घ्यावाच का? नॉर्मन रॉकवेलच्या १९४३ सालच्या प्रसिद्ध चित्रात आजी अख्खी टर्की ताटात घेऊन येते. तेव्हापासून ते चित्र घरोघरी उभं करायची हौस काही फिटलेली नाही. पण पक्षी जितका मोठा, तितकी मांडी शिजेपर्यंत छाती वाळण्याची धास्ती जास्त. बारा-बारा पाउंडांच्या दोन टर्की तीन-सव्वातीन तासांत होतात, शिवाय पाय चार मिळतात, मुलांची भांडणं मिटतात.

गेल्या वर्षी आम्ही तेच केलं. मैत्रिणीची मुलगी आता मांडीवर बसून हात मारते. कुणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं, अजून किती वेळ? मी थर्मामीटर खुपसला आणि सांगितलं, अजून नऊ अंश.