ट्रेसेबिलिटीची हिरवी खूण

रिक्वायरमेंट सांभाळायला नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की आधी एक्सेलचा तक्ता तयार होतो. उभ्या रकान्यांत विक्रेते, आडव्या ओळींत सोयी, चौकटीत हिरवी खूण नाही तर लाल फुली. त्यातली 'ट्रेसेबिलिटी'ची ओळ पाहा. तिथे सगळेच हिरवे. आयबीएमचे डोअर्स असो, जामा कनेक्ट असो की जिरावर प्लगिन बसवून चालवलेले काम असो, 'आमच्याकडे ही सोय नाही' असे कोणताच विक्रेता लिहून देत नाही. जिथे सगळेच पास, त्या ओळीवर निवड होत नाही. ती होते दरावर किंवा डेमोतल्या देखण्या डॅशबोर्डवर.

खरी परीक्षा मात्र याच ओळीची असते. एक उदाहरण घ्या. 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी परिषदेने नवे दर ठरवले आणि बहुतेक दरांचा अंमल 22 सप्टेंबरपासून सुरू झाला. मधे तीन आठवडेही नव्हते. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के कर शून्यावर आला. गट विम्यावरचा तसाच राहिला. कागदावर हा बदल एका वाक्याचा. पण ते वाक्य विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किती ठिकाणी शिरलेले असते? हप्त्याचे कोटेशन, नूतनीकरणाची नोटीस, एजंटाचे ॲप, पावतीचा नमुना, विवरणपत्राचा अहवाल. शिवाय 22 तारखेआधीच्या बिलाची क्रेडिट नोट काढायची तर ती जुन्याच दराने. अशा वेळी ॲनालिस्टला एकच प्रश्न विचारला जातो: ही एक रिक्वायरमेंट बदलली तर आणखी काय काय बदलते, आणि कोणत्या टेस्ट पुन्हा चालवायच्या?

याचे उत्तर साधनातून मिळाले तर ट्रेसेबिलिटी आहे. ते दोघा-तिघा जुन्या लोकांच्या आठवणीतून मिळत असेल, तर तक्त्यातली हिरवी खूण खोटी आहे.

डेमोत हे कळत नाही. विक्रेत्याचा नमुना प्रकल्प आधीच नीट जोडून ठेवलेला असतो. एक रिक्वायरमेंट बदलली की तिच्याशी जोडलेल्या टेस्ट केसपुढे 'सस्पेक्ट' अशी खूण उमटते आणि समिती खूश होते. डोअर्समध्ये ही सोय आहे, जामामध्येही आहे. पण ते दुवे जोडले कोणी? माणसांनी, एकेक करून. जो दुवा कोणी जोडलाच नाही, त्यावर कोणतेही साधन खूण उमटवू शकत नाही. म्हणून विचारायचे ते हे, की दुवा जोडायला किती क्लिक लागतात, आणि घाईच्या दिवशीही तो जोडला जाईल इतके ते सोपे आहे का? हा प्रश्न मी तरी कोणत्याही तक्त्यात पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट लायसन्सची. दर बहुतेकदा माणशी असतो, म्हणून खरेदी विभाग संख्या छाटतो. ॲनालिस्टना लायसन्स मिळते. टेस्टरना पीडीएफ मिळते, विभागातल्या लोकांना ईमेल. मग ती 'सस्पेक्ट'ची खूण ज्याने पाहायला हवी, त्याच्या पडद्यावर ती उमटतच नाही. टेस्टर आपल्या एक्सेलमधली जुनी यादी चालवतो, सगळे पास दाखवतो, आणि चूक ग्राहकाच्या पावतीवर सापडते. चार लायसन्सचे पैसे वाचवून घेतलेले महागडे साधन शेवटी ॲनालिस्टचा टाइपरायटर होते. हा हिशेब खरेदीच्या फाइलवर कुठेच येत नाही, आणि तो येत नाही याचा राग यायला हवा.

निवड समितीत ॲनालिस्टच्या शेजारी टेस्टर बसवा. विक्रेत्याचा नमुना बाजूला ठेवा आणि आपल्याच एखाद्या जुन्या, गुंतागुंतीच्या प्रकल्पातल्या पन्नासेक रिक्वायरमेंट विक्रेत्याच्या हाती द्या. त्या आपल्या माणसांनी आपल्या हातांनी जोडाव्यात, मग एक दर बदलावा आणि टेस्टरच्या पडद्यावर काय उमटते ते सगळ्यांनी पाहावे. ज्याची याला तयारी नसेल त्या विक्रेत्याचा रकाना, दर कितीही कमी असला तरी, तक्त्यातून काढून टाका.