मजुरीला मुहूर्त कशाला?

गांधीबागेच्या घाऊक कापडबाजारात हजारोंची रक्कम आज क्षणार्धात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. मग त्याच कापडाच्या गाठी पाठीवर वाहणाऱ्या हमालाच्या, अगर पार्सले घरोघर पोहोचविणाऱ्या तरुणाच्या मोबदल्यालाच मुहूर्त का लागावा?

साधनांची उणीव ही सबब आता चालणार नाही. आयएमपीएस २०१० साली व यूपीआय २०१६ साली सुरू झाले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीही अहोरात्र चालू आहे. डेबिट कार्डाच्या खात्यात वा प्रीपेड कार्डात रक्कम थेट जमा करणे हे काही मिनिटांचे काम होय. कार्डावरून कार्डाकडे निघालेली रक्कम वाटेत अडकली, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी, न केल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच घातला आहे.

कायदाही मुका नाही. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी मंडळामार्फत देण्याची वाट दाखविली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे रोजंदाराची मजुरी पाळी संपताच दिली पाहिजे. परंतु ॲपवर काम करणाऱ्यास सामाजिक सुरक्षा संहितेने मालक-नोकर या रूढ नात्याबाहेर ठेवले असल्यामुळे या मुदतीचा आधार त्यास सहजी मिळत नाही. ही उणीव शासनाने दूर करावी.

तथापि केवळ वेगाने न्याय होत नाही. बँकेतर कंपनीच्या प्रीपेड कार्डातून, पूर्ण ओळखपडताळणी झालेली असली तरी, २०२१ साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे एका वेळी २,००० व महिन्यास १०,००० रुपयेच रोख काढता येतात. पडताळणी अपुरी असल्यास तेवढेही नाही. घरभाडे रोखीने देणाऱ्याच्या हाती असे कार्ड ठेवणे म्हणजे आडात पाणी असून पोहरा न देणे होय. म्हणून मोबदला कोठे घ्यावयाचा, हे कामगाराने ठरवावे; आणि तात्काळ देण्याचे शुल्क देणाऱ्याने सोसावे, घेणाऱ्याच्या घामातून ते कापू नये.

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपल्या दुकानदारांनी गिऱ्हाइकांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लावली. ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांच्या बाबतीत ती आता मालकांनी स्वतः वाचावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.